बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या: अल्सरेटिव्ह कोलायटिसवाल्यांसाठी धागा

पेटीवाला | २८ मे २०२३, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे तुडतुड्यांवर आणि आंब्याच्या पडलेल्या भावावर लिहितो. आज पोटाबद्दल लिहितोय. विषय संडासाचा आहे, जेवताना वाचू नका.

पावसजवळ राहतो, घरची कलमं आहेत. २०१९ मध्ये रक्त पडायला लागलं. आठ महिने मूळव्याध समजून सुरणाची भाजी, इसबगोल, कुणीतरी दिलेलं मलम असं चाललं. मग आंव पडू लागली, रात्री झोपेतून तीन-तीनदा उठून पळावं लागायचं. मूळव्याध माणसाला असं रात्री उठवत नाही, हे फार उशिरा कळलं. कोल्हापूरला कोलोनोस्कोपी झाली, तुकडा तपासला, तेव्हा नाव समजलं. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज आणि व्रण. गुदाशयापासून सुरू होतात आणि वर चढतात. माझे डाव्या बाजूपर्यंत आहेत.

तेव्हा प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा एक कोर्स झाला, तो हळूहळू कमी करत बंद केला. आजार दबलेला राखणाऱ्या मेसालामाइनच्या १.२ ग्रॅमच्या दोन गोळ्या मात्र रोज चालू. तीन वर्षं सुखात गेली.

सुखात गेली हाच घोटाळा. गेल्या दिवाळीत गोळ्या संपल्या त्या आणल्याच नाहीत. महिन्याचे पैसे वाचतात, आणि खाल्ल्या काय न खाल्ल्या काय, जाणवत तर काहीच नाही. बायको विचारायची "गोळ्या घेतल्यात?" मी म्हणायचो "हो."

मार्चपर्यंत काही झालं नाही. मग आंबा सुरू झाला. पेट्या उचलून कंबर धरली, दुकानातून डायक्लोफेनॅकची पट्टी आणली, दहा-बारा दिवस खाल्ली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रक्त. दहा तारखेपर्यंत दिवसातून आठ वेळा. सीझन सोडून कोल्हापूरला कोण जाणार? २०१९ची चिठ्ठी कपाटात होती. दुकानदाराने ती बघून प्रेडनिसोलोन दिलं. ४० मिलिग्रॅम रोज. चार दिवसांत रक्त थांबलं. मला वाटलं, जिंकलो.

पाच आठवडे घेतलं. तोंड शहाळ्यासारखं गोल झालं. रात्री झोप नाही, दोन वाजता उठून पेट्यांना लेबलं लावतोय. ज्याला त्याला विचारावं तो म्हणे स्टिरॉइड वाईट. म्हणून एका सकाळी सगळं बंद. चौथ्या दिवशी बागेत चक्कर येऊन बसलो तो उठलोच नाही. उलट्या, अंगात त्राण नाही, वरचं बीपी ८०. तीन दिवस ॲडमिट होतो.

म्हणजे चुका मोजल्या तर चार. राखायचं औषध सोडलं, पेनकिलर खाल्लं, स्टिरॉइड आपल्या मनाने सुरू केलं आणि आपल्या मनाने बंद केलं. चौथी सगळ्यात महाग पडली. इथे असा आजार असलेले कोणी असतील तर आपापल्या चुका लिहा. डोस विचारायला हा धागा नाही, ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरला विचारा.

जुना_कंपाउंडर | २८ मे २०२३, रात्री १०:५५

पेटीवाले, आधी जरा आराम करा. गावात मला कंपाउंडर म्हणतात, पण मी रीतसर फार्मसिस्ट. चाळीस वर्षं चिपळूणच्या बाजारात काउंटरमागे काढली.

पाचवी चूक तुमच्या दुकानदाराची. चार वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर प्रेडनिसोलोन द्यायचं नसतं. तो म्हणाला असेल, ओळखीचा माणूस आहे. ओळखीनेच जास्त नुकसान होतं, हे मी माझ्याही काउंटरवर पाहिलंय.

चक्कर का आली ते सांगतो. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसोल बनवतात, बीपी आणि साखर सावरून धरतात. बाहेरून प्रेडनिसोलोन यायला लागलं की त्या म्हणतात, आमचं काम दुसरा करतोय. तीन आठवड्यांच्या वर गेलात की त्या पार झोपी जातात. मग एका दिवसात बाहेरचं बंद केलंत तर आतलंही नाही आणि बाहेरचंही नाही. म्हणून दर आठवड्याला थोडं थोडं उतरवतात, म्हणजे त्या ग्रंथींना जाग यायला वेळ मिळतो. हे उतरवण्याचं वेळापत्रक चिठ्ठीवर लिहून घ्यायचं. डॉक्टरांनी तोंडी सांगितलं तर म्हणायचं, लिहून द्या.

आणि "जाणवत काहीच नाही" म्हणालात त्याबद्दल. अहो, गावच्या राखणदाराला कोणी पाहिलंय? म्हणून त्याचा नारळ कोणी बंद करतं का? मेसालामाइन तसं आहे. त्याचं काम चाललंय याची खूण म्हणजे काही न घडणं. स्टिरॉइड उलट. चार दिवसांत चमत्कार दाखवतं, पण राखण करत नाही. महिनोन्महिने घेतलं तरी पुढचा झटका ते अडवत नाही, फक्त हाडं, डोळे आणि साखर बिघडवून जातं.

एक दुकानदारी सल्ला. पट्टी कापून दहातल्या चार गोळ्या घेऊ नका. मुदतीची तारीख आणि बॅच नंबर नेमका दुकानात राहिलेल्या तुकड्यावर असतो.

सुरंगी | २९ मे २०२३, सकाळी ७:१५

वडिलांना हाच आजार आहे, वय ७२. मी गुहागरला त्यांच्यापाशी असते. गोळी मोठी आहे, त्यांना गिळवत नाही, म्हणून मी खलबत्त्यात कुटून पेजेत घालून देते. दोन महिने झाले, पण फरक कमी वाटतो. त्याआधी ते अख्खी गिळायचे तेव्हा एकदा संडासात गोळी जशीच्या तशी दिसली होती. मला वाटलं विरघळतच नाही, कुटलेली बरी. काका, चुकतंय का काही?

जुना_कंपाउंडर | २९ मे २०२३, सकाळी ७:४०

सुरंगी, आजपासून खलबत्ता बंद!

त्या गोळीवरचं आवरण म्हणजेच अर्धं औषध. जठरातल्या आम्लात ते विरघळत नाही. लहान आतड्याच्या शेवटाला पीएच ७ च्या आसपास जातो, तिथे ते सुटतं आणि औषध मोठ्या आतड्यात मोकळं होतं. हे औषध रक्तातून जाऊन काम करत नाही, आतड्याच्या अस्तराला आतून लेप लागावा तसं करतं. तुम्ही कुटून दिलंत की ते वरच शोषलं जातं. जिथे व्रण आहेत तिथे पोचायला काही उरत नाही, आणि शोषलेला भाग मूत्रपिंडांना निस्तरावा लागतो.

संडासात दिसलेली गोळी बहुतेक वेळा रिकामं टरफल असतं. दर वेळी टणक आणि अख्खीच पडत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते दुसऱ्या प्रकारचं आवरण असलेली देतील. गिळायचाच त्रास असेल तर दाणेदार औषधाची पुडी मिळते. जिभेवर टाकायची आणि पाण्याबरोबर गिळायची, तीही चावायची नाही. पण बदल डॉक्टरांना विचारून.

आणि बाबांचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांची रक्ततपासणी, शेवटचं कधी केलं? मेसालामाइनने क्वचित कुणाच्या मूत्रपिंडांना सूज येते, आणि ती दुखत नाही, खुपत नाही. सुरू करताना, मग तीनेक महिन्यांनी आणि पुढे वर्षाला एकदा रक्त बघायचं, एवढं पुरतं. ७२ वयाला तर बघायलाच हवं.

सुरंगी | २९ मे २०२३, सकाळी ८:०५

क्रिएटिनिन एकदाही केलेलं नाही. आजच जाते. खलबत्ता माळ्यावर टाकला.

मालवणी_मसाला | २९ मे २०२३, दुपारी ३:३०

माझ्या घोवाक पण ह्योच आजार असा. चार वर्सा झाली. मेसालामाइनान भागला नाय म्हणान ॲझाथायोप्रिन सुरू केल्यानी. पुढचा साधा लिवतंय, नायतर पुण्यावाले अर्थ विचारीत बसतले.

ॲझाथायोप्रिन म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी. तिचा गुण यायला अडीच-तीन महिने लागले. तोवर हे रोज म्हणायचे, डॉक्टरने खडू दिलाय. पण मग खरंच बरं झालं, स्टिरॉइड पूर्ण सुटलं. गडबड झाली ती बांगड्यांनी. यांना बांगडे आणि तारले रोज लागतात. गेल्या वर्षी पायाचा अंगठा सुजला, युरिक ॲसिड वाढलेलं. जवळच्या दवाखान्यात गेले, तिथे ॲलोप्युरिनॉल दिलं. पोटाचं औषध चालू आहे हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिथे कोणी विचारलं नाही. यांचं म्हणणं, दाखवायला अंगठा गेलो होतो, पोट नव्हे.

पाच आठवड्यांनी तोंडात फोड आणि ताप. आम्हाला वाटलं साधा ताप. रक्त केलं तर पांढऱ्या पेशी १,४००. तिथून थेट गोव्याला नेलं. बारा दिवस हॉस्पिटलात. तिथल्या डॉक्टरांनी दोन्ही गोळ्यांची नावं शेजारी शेजारी लिहिली आणि मध्ये लाल रेघ मारली. तो कागद अजून जपून ठेवलाय.

आता यांच्या पाकिटात बाप्पाच्या फोटोमागे एक चिठ्ठी असते. आजाराचं नाव, चालू औषधं, डोस, डॉक्टरांचा नंबर. दाताच्या डॉक्टरकडे गेले तरी आधी ती बाहेर काढायची असा माझा हुकूम आहे.

कातळसडा | २९ मे २०२३, रात्री ११:२०

मी फिजिशियन आहे, रत्नागिरी जिल्ह्यातच. इथे कुणाला औषध सुचवणार नाही, पण वरच्या पोस्टवर थोडं लिहायला हवं.

ॲझाथायोप्रिन ज्या एन्झाइममुळे शरीरात मोडतं, त्यातलंच एक ॲलोप्युरिनॉल बंद पाडतं. मग साधा डोस तिप्पट-चौपट जोराचा पडतो आणि रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा बसते. युरिक ॲसिडसाठीच देतात त्या फेबुक्सोस्टॅटचंही तेच. काही तज्ज्ञ मुद्दाम दोन्ही एकत्र देतात, पण तेव्हा ॲझाथायोप्रिनचा डोस चौथा हिस्सा किंवा तिसरा हिस्सा करतात आणि रक्तावर डोळा ठेवतात. हा घरी करायचा प्रयोग नव्हे. आपल्याकडे मासळी आणि युरिक ॲसिड दोन्ही घरोघरी, त्यामुळे ही जोडी मी वर्षाला एखादी तरी बघतो.

दुसरं, काही माणसांना ॲझाथायोप्रिनचा साधा डोसही सोसत नाही. एनयूडीटी१५ नावाच्या जनुकातला फरक आशियाई लोकांत, भारतीयांतसुद्धा, युरोपियनांपेक्षा जास्त आढळतो. रक्ताची तपासणी करून ते आधी कळू शकतं. ती केली तरी पहिल्या दोन-तीन महिन्यांत पेशी आणि लिव्हर वरचेवर बघावे लागतात, पुढे दर तीन महिन्यांनी. भराभर केस गळायला लागले तर ते शॅम्पूचं काम समजू नका, रक्त करा.

आता पाऊस येतोय, लावणी सुरू होईल, म्हणून तिसरं. ॲझाथायोप्रिन, स्टिरॉइड किंवा बायोलॉजिक इंजेक्शनांवर असलेला माणूस अनवाणी चिखलात उतरला तर लेप्टोची, म्हणजे चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाची, भीती इतरांपेक्षा जास्त. गमबूट घाला. पायाला चीर असेल तर शेतात जाऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्सीसायक्लिनबद्दल विचारा, पण चालू औषधं सांगून. आणि ताप आला तर "दोन दिवस बघू" नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

पेटीवाले, तुमचं डायक्लोफेनॅक. आयब्युप्रोफेन, ॲसेक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही सगळी त्याच कुळातली. कोलायटिस त्यांनी भडकू शकतो, आणि मेसालामाइनबरोबर मूत्रपिंडांवर दुहेरी भार पडतो. कंबर दुखली तर पॅरासिटामॉल आणि शेक. पेट्या उचलायला गडी ठेवा, हे मात्र डॉक्टरी मत नाही.

पेटीवाला | ३० मे २०२३, सकाळी ६:५०

डॉक्टर, गडी मिळत असता तर कंबर कशाला मोडली असती. नेपाळी गडी पण आता परत चाललेत.

बाकी सगळं बायकोला वाचून दाखवलं. ती फक्त "हं" म्हणाली.

रानवाटा | ३१ मे २०२३, दुपारी १२:१०

एवढ्या गोळ्या वाचून मलाच मळमळलं. आपल्या आज्या काय करायच्या? कुड्याच्या झाडाचं पाळ, म्हणजे मूळ, ताकात उगाळून द्यायच्या, तीन दिवसांत आंव बंद. एका ओळखीच्यांकडे कोलायटिसची पूड मिळते, माझ्या मेव्हण्याला आठ दिवसांत गुण आला. सगळी इंग्रजी औषधं सोडली त्याने. कोणाला हवी असल्यास निरोप करा.

कातळसडा | ३१ मे २०२३, रात्री १०:४५

रानवाटा, कुड्याला मी हसणार नाही. जुलाब आणि आंवेसाठी तो शेकडो वर्षं वापरात आहे आणि त्यात औषधी द्रव्यं आहेत. पण आज्या ज्या आंवेवर तो द्यायच्या ती बहुतेक जंतूंची असायची. हा आजार जंतूंचा नाही. इथे शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच आतड्यावर उठलेली असते. दोन्हींत आंव पडते म्हणून औषध एक होत नाही. वैद्यांकडे जायचं असेल तर शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्यांकडे जा, आणि दोन्हीकडे दोन्हीकडची औषधं सांगा.

त्या पुडीचं मात्र खरंच बघा. आठ दिवसांत रक्त थांबवणारी, घटक न लिहिलेली पूड म्हटली की माझ्या मनात पहिला संशय येतो तो वाटून घातलेल्या स्टिरॉइडचा. अशा भेसळी आपल्या देशात पकडल्या गेल्या आहेत. मेव्हण्यांचं तोंड सुजलंय का? भूक फार लागते? साखर तपासली? आणि हो, आता ती पूडसुद्धा एकदम बंद करू नका. पेटीवाल्यांचं काय झालं ते वर वाचलंत.

रानवाटा | १ जून २०२३, सकाळी ९:३०

तोंड भरलंय. आम्हाला वाटलं तब्येत सुधारली. दाखवतो.

जुना_कंपाउंडर | १ जून २०२३, सकाळी १०:००

पुडीचा थोडा नमुना राखून ठेवा, डॉक्टरांना द्या. कुठल्याही औषधाने विपरीत काही झालं तर कळवायला सरकारचा मोफत नंबर आहे, १८००-१८०-३०२४. डॉक्टरच नव्हे, रोगी आणि घरचेही फोन करू शकतात. चाळीस वर्षांत माझ्या किती गिऱ्हाइकांना हे माहीत होतं, तर एकाही नाही.

हर्णैची_लाट | ३ जून २०२३, रात्री ८:२५

आज ३ जून, म्हणून लिहावंसं वाटलं. २०२० साली याच दिवशी निसर्ग चक्रीवादळ आलं. आमच्याकडे माड, पोफळी, कौलं, विजेचे खांब, सगळं आडवं. वीज आली ती तीन आठवड्यांनी. आणि माझ्या फ्रिजमध्ये ॲडालिमुमॅबची, म्हणजे कोलायटिसवरच्या बायोलॉजिक औषधाची, दोन इंजेक्शनं.

हे औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. लॉकडाऊन चालू, मुंबईहून नवीन मागवणं शक्य नाही. नवऱ्याने बंदरावर जाऊन मासळीचा बर्फ आणला, आम्ही थर्मासमध्ये बर्फाच्या चुऱ्यात इंजेक्शनं खुपसून ठेवली. फार हुशारी केली असं वाटलं. सकाळी बघते तर एक गोठलेलं. गोठलेलं इंजेक्शन वितळलं तरी वापरायचं नसतं, ते गेलं. दुसरं बाजूला होतं, ते वाचलं असावं, पण खात्री कुठे? डॉक्टरांना फोन लागेपर्यंत चार दिवस गेले.

नंतर कळलं, माझ्या औषधाच्या कागदावर लिहिलेलंच होतं की २५ अंशांच्या आत, उजेडापासून लांब, ते चौदा दिवसांपर्यंत बाहेर राहू शकतं. एकदा बाहेर काढलं की त्या मुदतीत वापरायचं. प्रत्येक कंपनीचा कागद वेगळा असू शकतो, आपापला वाचा. पण जूनमध्ये आमच्या घरात २५ अंश कुठून आणायचे? आता माझ्याकडे लसीचा डबा असतो तसा एक जाड डबा आहे. बर्फाच्या पिशवीला पंचा गुंडाळायचा, मग इंजेक्शन, आत एक छोटा थर्मामीटर. आगोटीला सुकी मासळी, मसाला भरतो तसा हा डबा मे महिन्यात बाहेर काढून ठेवते.

सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी झाली होती, छातीचा एक्स-रे आणि रक्ताची चाचणी, शिवाय कावीळ बी. हे सगळ्यांनी करून घ्यायचं. शरीरात झोपलेला क्षय या औषधाने जागा होऊ शकतो.

आणखी एक, बायकांसाठी. २०२१ मध्ये मला दिवस गेले. सासूबाई म्हणाल्या, सगळी औषधं बंद. डॉक्टर म्हणाल्या, औषधापेक्षा पेटलेला कोलायटिस बाळाला जास्त वाईट. मेसालामाइन आणि इंजेक्शन दोन्ही चालू ठेवलं. पण ते औषध वारेतून बाळापर्यंत जातं, म्हणून जन्मल्याबरोबर बीसीजी द्यायची नाही, जिवंत जंतूंच्या लसी निदान सहा महिने लांबवायच्या, असं त्यांनी आधीच लिहून दिलं होतं. बाळंतपणानंतर दुसऱ्या दिवशी नर्सबाई लस भरून आल्याच होत्या. नवऱ्याने कागद पुढे केला म्हणून थांबलं. मुलगी आता दीड वर्षाची आहे, बांगड्याचा काटा काढेपर्यंत धीर नसतो तिला.

नवा_गडी | ५ जून २०२३, रात्री ११:५०

वेगळ्या आयडीने लिहितोय, समजून घ्या. मला कोलायटिससाठी सल्फासॅलाझिन चालू आहे, दोन वर्षं. लग्नाला एक वर्ष झालं. लघवी नारिंगी होते, त्याचं काही नाही. पण मूल राहत नाही, आणि गावात सगळे बायकोला विचारतात. कुठेतरी वाचलं की या गोळीने पुरुषात दोष येतो. बंद करू का?

जुना_कंपाउंडर | ६ जून २०२३, सकाळी ६:३०

बंद करू नका, डॉक्टरांकडे जा आणि हाच प्रश्न याच शब्दांत विचारा. सल्फासॅलाझिनने शुक्रजंतूंची संख्या आणि चाल कमी होते, हे खरं आहे. पण ते कायमचं नसतं. औषध बदललं की दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होतं. डॉक्टर बहुधा मेसालामाइनवर नेतील, त्याचा सहसा असा त्रास नाही. आणि पुढच्या वेळी कोणी बायकोला विचारलं तर तुम्ही उत्तर द्या.

थोडं विषयांतर करतो. सल्फासॅलाझिन मुळात संधिवातासाठी काढलं, १९४० च्या आसपास, स्वीडनमध्ये, नान्ना स्वार्ट्झ नावाच्या बाईंनी. त्यात मेसालामाइन आणि एक सल्फा अशी दोन औषधं साखळीने जोडलेली असतात आणि मोठ्या आतड्यातले जंतू ती साखळी तोडतात. आतड्यावर काम नेमकं कुठलं करतं, ते कित्येक वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. १९७७ मध्ये ऑक्सफर्डला आझाद खान या बंगाली डॉक्टरांनी तिथल्याच डॉक्टर ट्रूलव्ह यांच्याबरोबर दोन्ही भाग वेगवेगळे एनिम्यातून देऊन पाहिले. गुण मेसालामाइनचा निघाला, डोकेदुखी आणि बाकीचा बराचसा त्रास सल्फाचा. तुमची अडचणही त्या सल्फाचीच समजतात. पण सांध्यांचंही दुखणं असेल तर आजही सल्फासॅलाझिनच बरं पडतं, म्हणून म्हणतो परस्पर बदलू नका. त्याबरोबर फॉलिक ॲसिड चालू आहे ना, तेही बघा.

चाकरमानी_डोंबिवली | २७ ऑगस्ट २०२३, रात्री १०:३०

धागा वर काढतोय. गणपतीला येतोय, १७ तारखेची गाडी. मेसालामाइनच्या गोळ्या आणि रात्री एनिमा असं चालू आहे. सध्या थोडं रक्त आहे, चार-पाच वेळा जावं लागतं. प्रवासापुरतं लोपेरामाइड, जुलाब थांबवायची गोळी, घेतलं तर? आणि एनिम्याचं गावी कसं करायचं? घरात पंचवीस माणसं, संडास एक.

कातळसडा | २८ ऑगस्ट २०२३, दुपारी २:१५

आजार चढलेला असताना लोपेरामाइड मनाने घेऊ नका. सुजलेलं आतडं थांबवलं तर ते फुगत जातं, आणि तो जिवावरचा प्रसंग असतो. पोट फुगलं, कळा वाढल्या, ताप आला, तर गाडी सोडा आणि दवाखाना गाठा. दिवसाला सहा किंवा जास्त रक्ताचे जुलाब, आणि त्याबरोबर नाडी ९० च्या वर किंवा ताप, असं असेल तर ॲडमिट व्हायचं. हा हिशोब १९५५ पासून चालत आलाय आणि अजून मोडलेला नाही. निघायला तीन आठवडे आहेत. रक्त आहे म्हणता, तर गाडीची वाट न बघता डोंबिवलीतच आधी दाखवा. मल तपासून घ्या, कधी कधी वरून जंतूंचाही संसर्ग झालेला असतो.

पेटीवाला | २८ ऑगस्ट २०२३, रात्री ९:०५

एनिम्याचं मी सांगतो, माझं आता त्यात शिक्षण झालंय. मेनंतर मलाही दोन महिने होता.

रात्री सगळ्यात शेवटी, संडासला जाऊन आल्यावर घ्यायचा. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, गार घेतला की लगेच कळ येते आणि सगळं बाहेर. मग जोरात हलवायची. डाव्या कुशीवर, उजवा गुडघा पोटाशी. हळूहळू दाबायची. नंतर तसंच पडून राहायचं, झोप लागली तर उत्तम. पहिले तीन-चार दिवस दहा मिनिटंही राहिला नाही, मी वैतागून सोडणार होतो. पाचव्या दिवसापासून रात्रभर राहायला लागला. जुनी चादर आणि खाली मेणकापड घाला, डाग पडतो तो जात नाही.

पंचवीस माणसांत लाजू नका. सगळे आरतीला उभे राहिले की माजघर मोकळंच असतं. आणि औषधं परत जाईपर्यंत पुरून वर आठ दिवस उरतील एवढी आणा, हातातल्या पिशवीत, डिकीत नको. सणाच्या गर्दीत गावच्या दुकानात तुमच्याच ब्रँडची, तुमच्याच ताकदीची गोळी मिळेल असं धरून चालू नका.

चाकरमानी_डोंबिवली | ३१ ऑगस्ट २०२३, रात्री ८:४०

दाखवलं. मलात जंतू निघाले नाहीत. गोळ्यांचा डोस वाढवलाय, एनिमा तोच. दहा दिवसांनी परत बोलावलंय, मग ठरवू म्हणाले. तिकीट रद्द केलेलं नाही.

मालवणी_मसाला | १ सप्टेंबर २०२३, सकाळी ११:००

आरतीच्या वेळचो एनिमो! बाप्पा, कान झाकून घे रे.

पेटीवाला | २४ सप्टेंबर २०२३, दुपारी ४:१०

काल गौरी-गणपती गेले. विसर्जनाला खाडीपर्यंत चालत गेलो आणि आलो, वाटेत एकदाही जागा शोधावी लागली नाही.

प्रेडनिसोलोनची शेवटची गोळी ९ ऑगस्टला घेतली. शेवटी शेवटी दर दोन आठवड्यांनी अडीच मिलिग्रॅम असं उतरवलं, मधे सांधे दुखले, आळस आला, पण चक्कर नाही. नंतर सकाळी आठचं कॉर्टिसोल तपासलं, ग्रंथी जाग्या झाल्यात. मलातलं कॅलप्रोटेक्टिन, ज्यावरून आतड्याची सूज कळते, ते मे महिन्यात १,१०० च्या वर होतं, आता ९० आहे. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, पुढच्या मे महिन्यात आंबा किती येईल ते सांगा, मग मी सांगतो. आजाराला आठ वर्षं झाली की ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी करत राहावी लागेल, कारण जुन्या कोलायटिसमध्ये कॅन्सरची शक्यता वाढते. तेही वहीत लिहून ठेवलंय, २०२७.

बायको आता "गोळ्या घेतल्यात?" असं विचारत नाही. रिकाम्या पट्ट्या मोजते. मोदक खाताना तिने ताटात तूप वाढलं आणि त्याच्या बाजूला दोन गोळ्या ठेवल्या, सगळ्या पाहुण्यांसमोर.

सुरंगी | २४ सप्टेंबर २०२३, संध्याकाळी ६:३५

बाबांचं क्रिएटिनिन १.१ आलं, पुडी चालू आहे, रक्त दीड महिन्यापासून नाही. पुडीचे दाणे दातात अडकतात म्हणून कुरकुरतात, पण चावत नाहीत. समोर बसून बघते.